खाली काहीच नसते, तर काय दिसले असते? ग्रहांच्या पोटात डोकावणारे रडार आणि त्याची संगणकीय तालीम

मंगळाच्या ध्रुवीय प्रदेशावरून सुमारे ३०० किलोमीटर उंचीने जाणाऱ्या यानाने खालच्या दिशेने रेडिओलहरींचा एक ठोका सोडला आहे, असे समजा. दोन मिलिसेकंदांनी पृष्ठभागावर आपटून परतलेली लहर यानाच्या अँटेनापर्यंत पोहोचते. तिच्यामागून १२ मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतल्या बारा भागांनी, आणखी एक लहर येते. ती पहिलीपेक्षा पुष्कळ मंद असते. ही दुसरी लहर कुठून आली? यान ज्यावरून जात आहे ते शुद्ध बर्फ असेल, तर हिशेब सांगतो की ही लहर सुमारे एक किलोमीटर खोल जाऊन, बर्फाच्या तळाशी असलेल्या खडकाला टेकून परत आली असावी. पण दुसरा हिशेबही तितकाच बरोबर आहे. यानाच्या थेट खालच्या बिंदूपासून बाजूला सुमारे तीस किलोमीटरवर एखाद्या विवराची उभी भिंत असेल, तर तिच्यावरून तिरकी परतणारी लहरही नेमकी त्याच क्षणी यानावर येईल. रडारला फक्त वेळ मोजता येतो, आणि वेळ दोन्हींचा एकच आहे.

ग्रहांच्या पृष्ठभागाखाली रडारने शोध घेण्याच्या कामातली मुख्य अडचण या उदाहरणात आहे आणि संगणकावर रडारची कृत्रिम विदा (डेटा) तयार करण्याची गरजही तिथेच सुरू होते. कृत्रिम विदा म्हटल्यावर ती खोटी किंवा हौसेखातर केलेली असेल अशी शंका अनेकांच्या मनात येते. वस्तुतः, जमिनीखाली काहीही नसते तर यानाला काय दिसले असते, हे आधी ठाऊक असल्याशिवाय जमिनीखाली काही आहे असे म्हणण्याचा अधिकारच शास्त्रज्ञाला पोहोचत नाही. कुंभाराकडचे मडके आपण बोटाने वाजवून घेतो आणि आवाजावरून तडा ओळखतो, कारण धड मडके कसे वाजते हे आपल्या कानाला पूर्वीपासून माहीत असते. मंगळाचे धड मडके आजवर कुणीही वाजवून पाहिलेले नाही. ते संगणकात घडवावे लागते.

आधी लहरीचा प्रवास समजून घेऊ. निर्वात पोकळीत रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, धावते. एखाद्या पदार्थात शिरल्यावर तिचा वेग कमी होतो. तो किती कमी होईल हे त्या पदार्थाच्या परावैद्युतांकावर ठरते. या अंकाचे वर्गमूळ काढून त्याने प्रकाशाच्या वेगाला भागले की पदार्थातला वेग मिळतो. पाण्याच्या थंड बर्फाचा हा अंक साधारण ३.१५ आहे, म्हणून बर्फात लहर सेकंदाला सुमारे १ लाख ६९ हजार किलोमीटर वेगाने जाते. घट्ट बेसॉल्टचा अंक सातपासून नऊपर्यंत असतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण तो हाच बेसॉल्ट, आणि मंगळाची विस्तीर्ण ज्वालामुखीय पठारेही याच जातीच्या खडकाची आहेत. द्रवरूप पाण्याचा अंक मात्र ऐंशीच्या घरात असतो.

दोन पदार्थ जिथे एकमेकांना भिडतात तिथे लहरीचा काही भाग मागे फिरतो आणि उरलेला पुढे जातो. किती भाग मागे फिरेल हे दोन्ही परावैद्युतांकांमधल्या तफावतीवर ठरते. पोकळीतून बर्फावर येणाऱ्या ऊर्जेपैकी आठ टक्क्यांच्या आसपास परत फिरते. बर्फाखाली आठ अंकाचा बेसॉल्ट असेल, तर त्या सीमेवर पाच टक्के परत फिरते. आणि बर्फाखाली पाणी असेल, तर जवळजवळ पंचेचाळीस टक्के. हे तीन आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढे मंगळाच्या दक्षिण ध्रुवावरचा सगळा वाद त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

लहर किती खोल जाईल हे तिच्या वारंवारतेवर आणि वाटेतल्या पदार्थावर अवलंबून असते. वारंवारता जितकी कमी तितकी खोली जास्त, पण तितकाच तपशील कमी. ओली, चिकणमातीची जमीन रेडिओलहर लगेच गिळून टाकते. पावसाळ्यातल्या आपल्याकडच्या काळ्या मातीत जमीन तपासणारे रडार चालवले, तर ते फार खोलवर पाहू शकत नाही. उलट कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ या लहरींना काचेसारखा पारदर्शक असतो. अंटार्क्टिकावर विमानांतून घेतलेल्या अशाच रडारनोंदींमधून किलोमीटरांच्या जाडीच्या बर्फाखालची सरोवरे सापडली, आणि हीच विद्या पुढे इतर ग्रहांवर गेली.

पृथ्वीबाहेर हा प्रयोग पहिल्यांदा चंद्रावर झाला. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या यानाने चंद्राभोवती फिरताना ५, १५ आणि १५० मेगाहर्ट्झ अशा तीन वारंवारतांवर रडार चालवले, आणि परतलेल्या लहरींची नोंद चक्क छायाचित्रांच्या फिल्मवर करून ती फिल्म पृथ्वीवर आणली. त्यानंतर बराच काळ या क्षेत्रात शांतता होती. २००३ मध्ये निघालेल्या युरोपच्या मार्स एक्सप्रेस यानावरच्या ‘मार्सिस’ या रडारने ती मोडली. दोन टोकांमध्ये ४० मीटर लांबीची अँटेना असलेले हे रडार १.८ ते ५ मेगाहर्ट्झ दरम्यान काम करते. अमेरिकेच्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवर बसवलेले ‘शराड’ हे इटलीचे रडार १५ ते २५ मेगाहर्ट्झ दरम्यान काम करते. ते मार्सिसइतके खोल पाहत नाही, पण थर अधिक बारकाईने दाखवते. जपानच्या कागुया यानाने २००७ पासून चंद्रावर ५ मेगाहर्ट्झचे रडार चालवले. चीनच्या चांद्रगाड्यांनी आणि मंगळाच्या जेझेरो विवरात उतरलेल्या अमेरिकेच्या पर्सिव्हिअरन्स गाडीने तर जमिनीवर फिरत फिरतच खालचे थर पाहिले.

शराडचा ठोका कसा असतो हे पाहण्यासारखे आहे. तो क्षणभराचा टाळीसारखा आवाज नसतो. ८५ मायक्रोसेकंद चालणारी ती एक मींड असते, जी २५ मेगाहर्ट्झपासून १५ मेगाहर्ट्झपर्यंत अखंड खाली उतरत जाते. इतक्या अवधीत लहरीचे अग्र पंचवीस किलोमीटर पुढे गेलेले असते, म्हणजे सोडलेली लहर स्वतःच पंचवीस किलोमीटर लांब असते! मग पंधरा मीटरचा तपशील कसा मिळतो? परत आलेल्या गोंधळात संगणक त्याच मींडेचा आकार शोधतो, आणि जिथे ती अगदी चपखल बसते तिथे एक बारीक टोकदार खूण करतो. ऊर्जा लांब ठोक्याची आणि धार आखूड ठोक्याची, असे दोन्ही फायदे यातून पदरात पडतात. कृत्रिम विदा तयार करताना हीच मींड संगणकातही जशीच्या तशी वापरावी लागते, कारण ही खूण करण्याच्या क्रियेत प्रत्येक प्रखर रेषेच्या आजूबाजूला काही फिकट उपरेषाही उमटतात आणि अननुभवी डोळ्याला त्या खालचे थर वाटू शकतात.

आता आरंभी पाहिलेल्या विवराच्या भिंतीकडे परत जाऊ. यानाने विजेरीचा झोत फक्त खाली टाकावा तशी लहर का टाकू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. झोत अरुंद करायचा तर अँटेना तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठी लागते. शराडची तरंगलांबी १५ मीटर आहे आणि अँटेना १० मीटरची. त्यामुळे तिचा प्रकाश विजेरीसारखा पडत नाही, उघड्या दिव्यासारखा सगळीकडे पसरतो. यान सतत पुढे सरकत असल्याने समोरून आणि मागून येणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत सूक्ष्म फरक पडतो, आणि त्या फरकाच्या आधारे पुढचे-मागचे वेगळे करता येते. डावे-उजवे मात्र असे वेगळे होत नाही. बाजूच्या डोंगरांवरून, विवरांच्या काठांवरून, दऱ्यांच्या कडांवरून परतणारा हा सगळा पसारा जमिनीखालच्या खऱ्या थरांमध्ये मिसळून येतो. या क्षेत्रातले लोक त्याला क्लटर म्हणतात.

क्लटर पुसून टाकता येत नाही, पण त्याचे भाकीत करता येते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: प्रत्येक क्षणी यान नेमके कुठे होते, खालच्या प्रदेशाची उंचसखलता कशी आहे, आणि सोडलेली लहर कशी होती. मंगळाच्या बाबतीत उंचसखलतेचा नकाशा मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरच्या ‘मोला’ या लेझर उंचीमापकाने दिला. त्याच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या नकाशातली एक चौकट विषुववृत्तापाशी सुमारे ४६३ मीटरची आहे. संगणक हा पृष्ठभाग लहान लहान सपाट तुकड्यांत वाटून घेतो, जणू जमिनीवर आरशांच्या फरश्या बसवल्या आहेत. मग प्रत्येक फरशीसाठी वेगळा हिशेब होतो: यानापासून अंतर किती, ती यानाकडे किती कललेली आहे, आणि तिच्यावरून परतणारी लहर कधी आणि किती बळाने पोहोचेल. हजारो फरश्यांच्या लहरी एकत्र मिळवल्या जातात. दोन लहरींचे शेंडे एकमेकांवर आले तर बळ वाढते. एकीचा शेंडा दुसरीच्या खळग्यात पडला तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात. यान थोडे पुढे सरकले की सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. अशा उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या की एक चित्र तयार होते, आणि त्या चित्राला क्लटरग्राम म्हणतात. यात जमिनीच्या पोटात काहीच घातलेले नसते, आणि त्याची किंमत त्यातच आहे.

आता खरे रडारचित्र आणि हे क्लटरग्राम वर-खाली ठेवून पाहू. दोन्हींत डावीकडून उजवीकडे यानाचा प्रवास आहे आणि वरून खाली वेळ वाढत जातो. वरची ठळक, वेडीवाकडी रेषा म्हणजे पृष्ठभाग. ती दोन्हीकडे सारखीच असायला हवी आणि नसेल तर आपली कुठेतरी चूक झालेली आहे. खऱ्या चित्रात तिच्याखाली एक कमान दिसते, मधोमध वर उचललेली आणि दोन्ही टोकांना खाली उतरलेली. क्लटरग्राममध्येही त्याच जागी तीच कमान आहे. म्हणजे ती बाजूच्या एखाद्या विवराच्या गोल काठाची आहे: काठाचा सर्वांत जवळचा भाग आधी दिसला आणि दूरचे भाग नंतर. तिच्यावर फुली मारायची. कमानीच्या थोडे खाली खऱ्या चित्रात एक फिकट, जवळजवळ आडवी रेषा आहे आणि क्लटरग्राममध्ये त्या जागी नुसता काळोख आहे. अभ्यासकाचे खरे काम त्या रेषेपासून सुरू होते.

इथे एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. असे सिम्युलेशन, म्हणजे संगणकातली तालीम, क्लटर कुठे पडेल हे चांगले सांगते, पण ते किती प्रखर असेल हे सांगण्यात कच्चे असते. कारण उघड आहे. पंधरा मीटरच्या लहरीला पंधरा मीटरच्या आसपासचा खडबडीतपणा फार जाणवतो, आणि ४६३ मीटरच्या चौकटीत कुठे धोंडे आहेत आणि कुठे वाळूचे तरंग आहेत हे नकाशाला माहीतच नसते. शिवाय विषुववृत्ताच्या जवळ लेझरच्या दोन ओळींमध्ये किलोमीटरांची अंतरे राहिली होती आणि ती गणिताने भरून काढलेली आहेत. त्या फटीतली एखादी टेकडी नकाशातून निसटली असेल, तर ती क्लटरग्राममधूनही निसटणार. म्हणून ‘क्लटरग्राममध्ये दिसत नाही, म्हणजे जमिनीखालचेच आहे’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. शेजारच्या दोन-तीन कक्षांमधूनही ती रेषा त्याच खोलीवर दिसते का, हे पाहावे लागते. खरा थर जागेवर राहतो, आणि बाजूचा डोंगर कक्षा बदलली की आपली जागा बदलतो.

दुसऱ्या प्रकारच्या सिम्युलेशनमध्ये जमिनीचे पोटही भरले जाते. त्याचा सोपा अवतार म्हणजे एका उभ्या रेषेतले थर: वर बर्फ, मग धूळमिश्रित बर्फ, मग पुन्हा बर्फ, तळाशी खडक. प्रत्येक थराची जाडी आणि परावैद्युतांक द्यायचा आणि लहर वरून आत सोडायची. हे गणित साध्या संगणकावरही झटपट होते, त्यामुळे हजारो शक्यता तपासून पाहता येतात.

कठीण अवतार असा की सगळा प्रदेश बारीक घनांमध्ये वाटून प्रत्येक घनात मॅक्सवेलची विद्युतचुंबकीय समीकरणे सोडवायची. ही पद्धत केन यी यांनी १९६६ मध्ये मांडली. प्रत्येक घन आपल्या शेजाऱ्यांकडे पाहून आपले विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र थोडे बदलतो, मग काळ थोडा पुढे सरकतो, मग पुन्हा सगळे घन बदलतात; लहर जणू आपणहून त्या जगात चालू लागते. जीपीआरमॅक्स नावाची याच पद्धतीवर चालणारी मुक्त संगणकप्रणाली जमिनीखालच्या रडारसाठी सर्रास वापरली जाते. या पद्धतीत लहरीच्या वागण्याबद्दल फारसे काही गृहीत धरावे लागत नाही, पण तिची भूक अफाट आहे. लहरीचा आकार नीट पकडायचा तर एका तरंगलांबीत निदान दहा घन लागतात. शराडची लहर बर्फात आठ-साडेआठ मीटरची होते, म्हणजे घन ०.८ मीटरचा झाला. आरंभीच्या उदाहरणातली विवराची भिंत आत यावी म्हणून ६० किलोमीटर लांब, तितकाच रुंद आणि ५ किलोमीटर उंच ठोकळा घेतला, तर घनांची संख्या होते सुमारे ३५ लाख कोटी. प्रत्येक घनात सहा आकडे साठवायचे, तर नुसत्या स्मरणासाठी आठशे टेराबाइटांहून अधिक जागा हवी, आणि हा हिशेब रडारच्या फक्त एका ठोक्याचा झाला. म्हणून व्यवहारात तडजोड करतात: दूरचा पसारा फरश्यांच्या पद्धतीने, जवळचा लहानसा गुंतागुंतीचा भाग घनांच्या पद्धतीने, आणि साधे थर एका रेषेत. कोणत्या प्रश्नाला कोणती पद्धत पुरेशी आहे हे ओळखणे हेच या कामातले कसब आहे.

या सर्व हिशेबांचे वजन किती असते, हे मंगळाच्या दक्षिण ध्रुवावरच्या ‘सरोवरा’च्या वादातून उत्तम कळते. जुलै २०१८ मध्ये रॉबर्टो ओरोसेई आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी जाहीर केले की मार्सिसने मे २०१२ ते डिसेंबर २०१५ या काळात घेतलेल्या २९ नोंदींमध्ये, दक्षिण ध्रुवाजवळ सुमारे दीड किलोमीटर बर्फाखाली वीस किलोमीटर रुंदीचा एक भाग विलक्षण प्रखर परावर्तन देतो. ते इतके प्रखर होते की वरच्या पृष्ठभागापेक्षाही तळाची लहर बलवान होती. आपले मघाचे आकडे आठवा: बर्फाचा पृष्ठभाग आठ टक्के परत करतो, खडक पाच, आणि पाणी पंचेचाळीस. तळाची लहर पृष्ठभागापेक्षा बलवान असेल, तर साध्या हिशेबाने तिथे पाणीच असायला हवे. जगभर बातम्या झाल्या. अडचण तापमानाची होती. तिथल्या तळाशी उणे ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असावे असा अंदाज होता, आणि इतक्या थंडीत पाणी द्रव राहायचे तर ते क्षारांनी अक्षरशः भरलेले हवे.

मग इतरांनी तोच प्रश्न उलटा विचारला: पाणी नसतानाही अशी लहर परत येऊ शकते का? एका गटाने प्रयोगशाळेत गोठवलेल्या चिकणमातीची तपासणी करून ती शक्यता पुढे आणली. टेक्सास विद्यापीठातल्या सिरिल ग्रिमा यांच्या गटाने २०२२ मध्ये जे केले ते मला या सगळ्या कहाणीतले सर्वांत देखणे पाऊल वाटते. त्यांनी मंगळाचा रडारने मोजलेला खरा पृष्ठभाग घेतला आणि संगणकात साऱ्या ग्रहावर १.४ किलोमीटर जाडीचे काल्पनिक बर्फ पांघरले. मग विचारले, की या बर्फाआडून कुठले प्रदेश दक्षिण ध्रुवावरच्या त्या भागाइतके चमकतील? असे प्रदेश निघाले, तेही ग्रहावर विखुरलेले, आणि त्यांतले बरेच ज्वालामुखीय मैदानांशी जुळणारे. लोहाचे प्रमाण जास्त असलेला लाव्हारसाचा खडक आणि त्यावर बर्फ, एवढ्यानेही तशी चमक येऊ शकते, असा त्याचा अर्थ होता. पाण्याची शक्यता त्यामुळे संपली नाही, पण प्रखर परावर्तन म्हणजे पाणीच हा एकमार्गी युक्तिवाद मात्र संपला.

कॉर्नेल विद्यापीठातल्या डॅनियल लालिच यांच्या गटाने थरांच्या सिम्युलेशनचा मार्ग घेतला. बर्फातले थर पातळ असतील, तर एका थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूंवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात. थरांमधले अंतर नेमके जुळून आले तर त्या एकमेकींना बळ देतात, आणि रडारला जणू एकच झगमगणारा थर दिसतो. साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात त्यामागेही लहरींचे असेच मिसळणे असते. तिथे रंगीत पदार्थ कुठेच नसतो. २०२४ मध्ये या गटाने यादृच्छिकपणे रचलेल्या हजारो थररचना संगणकात तपासून दाखवले की बर्फातल्या धुळीचे प्रमाण आणि थरांची जाडी यांतल्या किरकोळ बदलांनीही ती चमक उत्पन्न होऊ शकते.

यानंतर निवाड्यासाठी प्रत्यक्ष नवे मोजमाप हवे होते. शराडला त्या जागी तळ दिसतच नव्हता, कारण त्याची अँटेना यानाच्या मागच्या बाजूला आहे आणि यानाचे धूड तिच्या वाटेत येते. मे २०२५ मध्ये मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरने त्या जागेवरून जाताना स्वतःला तब्बल १२० अंशांनी वळवून घेतले, जेणेकरून अँटेनासमोर अडथळा राहणार नाही. या वेळी तळाची लहर आली, पण ती मंद होती. पाणी असते तर जेवढी जोरदार लहर अपेक्षित होती, त्याच्याशी हे जुळत नाही. शराडची वारंवारता मार्सिसहून पुष्कळ जास्त आहे, आणि लहरींच्या मिसळण्यातून आलेली चमक वारंवारता बदलली की टिकायला नको, हे लालिच यांच्या स्पष्टीकरणातच अनुस्यूत होते. माझ्या मते पारडे आता कोरड्या स्पष्टीकरणाकडे झुकलेले आहे. पण ते झुकले आहे असे म्हणता येते, ते ‘पाणी असते तर काय दिसले असते’ आणि ‘पाणी नसते तर काय दिसले असते’ ही दोन्ही चित्रे आधी काढून ठेवली होती म्हणूनच.

मंगळावर निदान नकाशा तरी हाताशी आहे. गुरूच्या चंद्रांवर तोही धड नाही, आणि पुढची दोन मोठी रडारे तिकडेच निघाली आहेत. युरोपचे ज्यूस यान १४ एप्रिल २०२३ रोजी निघाले. त्यावरचे ‘राइम’ रडार ९ मेगाहर्ट्झवर काम करते आणि बर्फात नऊ किलोमीटरपर्यंत पाहण्याच्या उद्देशाने बनवले आहे. अमेरिकेचे युरोपा क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाले. त्यावरचे ‘रीझन’ ९ आणि ६० मेगाहर्ट्झ अशा दोन वारंवारतांवर चालते. दोन वारंवारता कशासाठी, याचे उत्तर असे हिशेब केल्यावर उलगडते. युरोपा या चंद्राचा पृष्ठभाग भेगा आणि उंचवट्यांनी फार खडबडीत आहे. ९ मेगाहर्ट्झची ३३ मीटरची लहर त्या खडबडीतपणाला कमी जुमानते आणि अधिक खोल जाते. पण गुरू स्वतः याच वारंवारतांवर प्रचंड रेडिओगोंगाट करतो, त्यामुळे चंद्राच्या गुरूकडे तोंड करून असलेल्या बाजूवर ही लहर त्या गोंगाटात बुडण्याची भीती असते. गुरूकडे पाठ असलेल्या बाजूवर चंद्राचाच देह आडोसा होतो. ६० मेगाहर्ट्झवर हा त्रास नाही, पण तिथे क्लटर जास्त.

खाली काय आहे हेच ठाऊक नसताना सिम्युलेशन कशाचे करायचे? इथे एका उत्तराऐवजी शक्यतांचा संच घेतला जातो. बर्फाचे कवच काही किलोमीटर जाडीचे धरायचे, मग वीस-तीस किलोमीटर जाडीचे. ते वरपासून खालपर्यंत थंड आणि कडक धरायचे, मग त्याचा खालचा भाग ऊबदार आणि संथपणे ढवळला जाणारा धरायचा. ऊबदार, खारट बर्फ लहर अधिक गिळतो, त्यामुळे तळाचा समुद्र दिसण्याआधीच ती विझू शकते. पृष्ठभागाची जी मोजकी जवळून घेतलेली छायाचित्रे आहेत, त्यांतून खडबडीतपणाचे प्रमाण काढून तशाच गुणधर्माचे कृत्रिम पृष्ठभाग घडवायचे. प्रत्येक जोडीतून कृत्रिम रडारचित्र काढायचे, त्यात आकाशगंगेचा आणि गुरूचा रेडिओगोंगाट मिसळायचा, आणि त्यावर विदा वाचण्याची आपली संगणकप्रणाली चालवून पाहायची की लपवलेले तळे तिला सापडते का. सापडत नसेल, तर ते यान तिथे पोहोचण्याआधी कळलेले बरे.

अशा कृत्रिम चित्रांवर आता यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) प्रणालीही घडवल्या जातात, कारण त्यांना शिकायला लाखो उदाहरणे लागतात आणि खऱ्या विदेत ‘इथे थर आहे’ असे कुणी लिहून ठेवलेले नसते. त्यात धोका आहे, आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे: अशी प्रणाली सिम्युलेशनच्या सवयी शिकते, मंगळाच्या किंवा युरोपाच्या नव्हेत. जो गोंगाट आपण घातलाच नाही, तो पहिल्यांदा समोर आल्यावर ती काय करेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून कृत्रिम विदेची परीक्षा अधूनमधून खऱ्या मोजमापावर झालीच पाहिजे.

रीझनच्या वाट्याला तशी एक परीक्षा वाटेतच आली. त्याच्या अँटेना इतक्या लांब आहेत, की त्या पूर्ण उघडून लहर सोडणे आणि तिचा प्रतिसाद घेणे हे दोन्ही पृथ्वीवरच्या बंदिस्त दालनात एकत्र तपासता आले नव्हते. १ मार्च २०२५ रोजी युरोपा क्लिपर वेग आणि दिशा बदलण्यासाठी मंगळाजवळून गेले. त्या वेळी सुमारे पाच हजार किलोमीटर अंतरापासून ८८४ किलोमीटरपर्यंत जवळ येताना रीझन सुमारे चाळीस मिनिटे चालवले गेले, आणि त्याने साठ गिगाबाइट विदा गोळा केली. खाली जो प्रदेश होता त्याची उंचसखलता मोलाने कित्येक वर्षांपूर्वीच मोजून ठेवलेली होती. त्यामुळे परतणारी लहर कशी असायला हवी हे आधी सांगता येईल, अशी ती जागा होती. एप्रिल २०३० मध्ये यान गुरूपाशी पोहोचेल, आणि त्यानंतर युरोपाच्या जवळून नियोजित ४९ फेऱ्यांमध्ये रडारसमोर असा बर्फ असेल, ज्याचा तळ आजवर फक्त संगणकातच पाहिला गेला आहे.